शिकवणीचा पाचवा नियम

लातूर, ६ फेब्रुवारी १९८३

तीर्थरूप नाना,

नमस्कार. आठ वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नका, इथे कुणी आजारी नाही. हे पत्र निव्वळ कामाचं आहे. मी तुमच्यावर रागावलेली होते आणि आहे, ते जागच्या जागी राहू द्या.

काम असं आहे. लातूरचा जिल्हा झाला हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल. जिल्ह्याबरोबर कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर साहेबलोक आले आणि साहेबांबरोबर त्यांच्या मुली. या मुलींचं संध्याकाळी करायचं काय, असा प्रश्न त्यांच्या आयांना पडला. मग कुणाला तरी कळलं की गंजगोलाईतल्या भांडीवाल्याची बायको पेटी वाजवते. विरूपाक्षानेच सांगितलं असणार. दुकानात घागर घ्यायला आलेल्या बाईला तो घागरीबरोबर माझी कीर्तीही बांधून देतो. (जावयाचं नाव मी असंच लिहिणार, तुम्हाला बरं वाटो न वाटो.) तर आता मी चार घरी जाऊन पेटी शिकवते.

शिकवणं जमतं. घरं जमत नाहीत. एका घरी मुलीची आई, काकू आणि शेजारीण समोर बसून डाळ निवडतात आणि पोरगी चुकली की तिघी मिळून हसतात. दुसऱ्या घरी पेटीवर टेलिफोन ठेवलेला असतो. तिसऱ्या घरी पाहुणे आले की मला सांगतात, बाई, आज शिकवू नका, नुसतं काहीतरी छान वाजवा. चौथं घर चांगलं आहे, पण तिथली मुलगी नखं कापत नाही.

तेव्हा मला तुमचं ते गुलाबी कार्ड आठवलं. शिकवणीच्या पहिल्या दिवशी तुम्ही ते घरमालकाच्या हातात द्यायचात आणि मोठ्याने वाचायला लावायचात. मी बरोबर असले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वकील, डॉक्टर, आडत दुकानदार, सगळे तुमच्यापुढे उभे राहून 'पेटीवर टोपी, वर्तमानपत्र वा फुलदाणी ठेवू नये' असं वाचायचे. आता कळतं, ते का ते.

त्यातले काही नियम आठवतात, काही नाहीत. दहा होते एवढं नक्की. एक कार्ड शिल्लक असेल तर पाठवा. पत्र लिहिलंच पाहिजे असं नाही.

कुसुम

लातूर, २७ फेब्रुवारी

ती. नाना,

कार्ड मिळालं. लिफाफा मी तीनदा झटकला, उजेडाला धरून पाहिला, आत दुसरं काही नव्हतं. 'चि. कुसुम' एवढे दोन शब्दसुद्धा तुम्हाला जड झाले. पण पत्ता तुमच्याच अक्षरात आहे आणि सासरचं आडनाव बरोबर लिहिलंय, हे मी पाहिलं.

चौथा नियम मी विसरले होते: 'ऐकण्यास बसणाऱ्या मोठ्या माणसांस गुरुजी सारेगम म्हणावयास लावतील.' तो त्याच दिवशी लागू केला. डाळवाल्या काकूंना म्हणायला लावलं. दुसऱ्या दिवसापासून डाळ स्वयंपाकघरात निवडली जाते. टेलिफोनही खाली उतरला. याबद्दल तुमचे आभार मानते, बाकी कशाबद्दल नाही.

मग पाचवा नियम वाचला. 'शिकवणीच्या घरी गुरुजी फराळ, चहा वा पाणी घेणार नाहीत. आग्रह करू नये.' हा मला नियम म्हणून आठवतच नव्हता. आठवत होतं ते इतकंच, की तुम्ही शिकवण्या आटोपून आलात की चपला काढायच्या आधी मी तांब्या पुढे करायची आणि तुम्ही उभ्यानेच तो रिकामा करायचात. उन्हाळ्यात दोन तांबे. मला वाटायचं, सगळ्याच मुलींचे वडील असे तहानलेले घरी येतात.

आणि मग आमच्या घरातला तो दिवस आठवला, तेव्हा मी कार्ड उलटं करून ठेवलं.

लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा आणि शेवटचे आलात. एप्रिल होता. सासूबाईंनी सासऱ्यांची जुनी पेटी काढली, तुम्ही तिचा चिकटलेला सूर मोकळा केलात आणि शरणांच्या एका वचनाची पहिली ओळ त्यांना बसवून दिलीत. आमच्या सासूबाई कधी कुणापुढे हसत नाहीत, त्या दिवशी हसल्या. मग त्यांनी पितळी पेल्यात पाणी आणलं. तुम्ही 'नको' म्हणालात, टोपी घातलीत आणि एसटी गाठायला निघून गेलात. त्या पेला धरून उभ्याच. तुम्ही कोपऱ्यावर वळल्यावर मला म्हणाल्या, "तुझ्या बापाला आमचं पानी चालंना गं."

नाना, मी लिंगायताच्या घरी लग्न करते म्हटल्यावर तुम्ही एका शब्दाने अडवलं नव्हतं. रजिस्टरवर सही करायला स्वतः आला होतात. म्हणून तो पेला मला इतका लागला. आज तुम्ही म्हणाल की तो नियमच होता. पण नियम परक्या घरांसाठी असतात, लेकीच्या घरासाठी नाही.

असो. पाचवा नियम मी ठेवणार आहे, पण माझं कारण वेगळं आहे. यंदा पाऊस किती झाला ते तुम्हाला माहीतच आहे, इथे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. चार घरी जाऊन चार पेले कशाला संपवायचे? आणि एक नवा नियम माझा मी घातलाय: शिकवणी चालू असताना टँकर आला तर तास तिथेच थांबेल, बाईसुद्धा घागर धरतील, उरलेला वेळ पुढच्या दिवशी भरून देतील. हा मात्र तुमच्या कार्डावर नव्हता.

कुसुम

लातूर, २० मार्च

ती. नाना,

आज रागाने लिहीत नाही. आज मला स्वतःची लाज वाटते आहे आणि ती तुमच्याशिवाय कुणाला नीट कळेल असं वाटत नाही.

मी पाचवं घर धरलं आहे. उमादेवी म्हणून बाई आहेत, शिरूर अनंतपाळकडच्या. नवरा नव्या कलेक्टर कचेरीत आहे. मुलीचं नाव दानम्मा, वय दहा, बोटं अशी की तुम्ही पाहिलीत तर तिला नांदेडला घेऊन जाल. त्यांना लातुरात घर मिळायला तीन महिने लागले. एका मालकाने तर आडनाव ऐकल्यावर सांगितलं की खोली कालच दिली. हे मला माहीत होतं, नाना. माहीत असूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पहिल्या दिवशी तुमच्या पद्धतीप्रमाणे मी कार्ड वाचायला दिलं. चौथ्या नियमानंतर उमादेवी थांबल्या आणि एकदम सहावा वाचू लागल्या. मला वाटलं, ओळ चुकली. त्यानंतर रोज पेटीशेजारी बशीने झाकलेला एक पेला असायचा. रोज मी तो तसाच ठेवून उठायची. दोन आठवडे.

परवा ऊन फार होतं. दानम्माला सरगम म्हणून दाखवताना मला ठसका लागला. पेला हाताशी होता. हात पुढे गेला आणि मी तो मागे घेतला. का, तर नियम. ते उमादेवींनी दारातून पाहिलं.

मी टंचाईचं सांगायला लागले, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. आवाज चढवला नाही. "बाई, तुमी कारन सांगू नका," त्या म्हणाल्या. "कारनं आमी लई ऐकलीत. पोरगी चांगली शिकून राहिलीय, तिला शिकवा. उद्यापासून पेला ठेवनार न्हाई मी."

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. वाटेत डोळ्यांपुढे येत होत्या त्या सासूबाई, पेला धरून उभ्या असलेल्या. आणि मग तुम्ही, टोपी घालणारे. नाना, माझं कारण खरं होतं. चांगलंही होतं. तरी त्या बाईच्या घरात त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

म्हणून आठ वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं ते आज विचारते. तुमचं कारण काय होतं?

आणि विचारलंच आहे तर माझ्या बाजूचंही कबूल करते. तुम्ही गेल्यावर चार दिवसांनी मी तुम्हाला एक पोस्टकार्ड टाकलं होतं: 'आमच्या घरचं पाणी चालत असेल तरच या, नाहीतर येऊ नका.' त्या कार्डाबद्दल मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. विरूपाक्षाला वाटतं, तुम्ही आपणहून येणं बंद केलंत. सासूबाई आठ वर्षं तुम्हाला नावं ठेवतात आणि मी भाकरी थापत गप्प ऐकते.

उत्तर द्या. या वेळी नुसता लिफाफा चालणार नाही.

कुसुम

लातूर, १० एप्रिल

ती. नाना,

तुमचं पत्र मिळालं. चार पानं! त्यातली पहिली दीड पानं पेटीच्या भात्याला उंदराने पाडलेल्या भोकाबद्दल आहेत. मी ती वाचताना दात ओठ खाल्ले, पण नंतर कळलं की तुम्ही धीर गोळा करत होतात.

तुम्ही लिहिलंय की नांदेडात तुम्ही सगळ्या गल्ल्यांत शिकवायला जात होतात, गुरुद्वाऱ्याच्या बाजूला, वजिराबादला, देगलूर नाक्याला. एका घरी पाणी घेतलं आणि दुसऱ्या घरी नाही घेतलं तर गावभर चर्चा. आणि घरी तुमची आई रोज विचारायची, कुठे काही घेतलं नाहीस ना. तिच्याशी खोटं बोलवत नव्हतं, म्हणून कुठेच घ्यायचं नाही असं ठरवलंत. 'नियम छापला आणि सगळ्या घरांत जायला मोकळा झालो.' हे वाक्य मी विरूपाक्षाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुझे वडील हुशार आहेत.

मग शेवटचं पान. ते तुमच्याच शब्दांत उतरवते, म्हणजे तुम्हाला नंतर नाकारता येणार नाही. 'तुझ्या घरी मात्र मी नियमाच्या आड लपलो. लग्नाची बोलणी करायला तुझ्या सासूबाई आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी पिशवीतून स्वतःचा फिरकीचा तांब्या काढला, त्यातलं पाणी प्यायल्या, आणि तू आणून ठेवलेला पेला तसाच राहिला. मी काही बोललो नाही. पण ते मनात ठेवलं. तुझ्याकडे पेटीला हात लावला तेव्हाच ठरवलं होतं की आता ही शिकवणी झाली, नियम लागू.'

नाना, तो पेला मीच आणून ठेवला होता. मी त्या खोलीत होते. तो तांब्याही मी पाहिला होता आणि मला त्यात काही वाटलं नव्हतं. सासूबाई तर सख्ख्या भाच्याच्या लग्नालाही तो तांब्या घेऊन जातात.

हे पान मी सासूबाईंपुढे मोठ्याने वाचलं. त्या म्हणाल्या, "आमच्यात तसंच ऱ्हातंय. भायेरचं पानी मी घेत न्हाई. माहेरात तसंच शिकवलंय." मी म्हटलं, नानांनाही कुणीतरी तसंच शिकवलं होतं. त्यांनी विचारलं, "मास्तरांनी बघितलं व्हय ते?"

"बघितलं."

"मला वाटलं, त्यांचं ध्यान पेटीत हाय."

त्याच सपाट्यात मी माझ्या पोस्टकार्डाचंही सांगून टाकलं. विरूपाक्ष आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. माझ्याशी दोन दिवस धड बोलला नाही, ते मी ओढवूनच घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "दोन म्हातारी मानसं आठ वर्षं तहानलेली बसली, अन् मी पेले-तांबे विकून राहिलो."

आता उमादेवींचं. त्या दिवसानंतर पेटीशेजारी पेला नव्हता. तास संपल्यावर मी उठले नाही. म्हटलं, उमाताई, पाणी देता का, तहान लागलीय. त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की दानम्मा सरगम थांबवून बघायला लागली. मी म्हटलं, अर्धाच द्या. त्यांनी काठोकाठ भरून आणला आणि मी पिऊन होईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, उद्या चहापण करते. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू, घरी येताना मी वाटेत गुणगुणत होते.

तेव्हा या. सकाळची गाडी धरलीत तर अहमदपूर, चाकूर करत दुपारपर्यंत पोचाल. लेकीच्या घराला कुठला नियम लावायचा ते येताना गाडीत ठरवा. सासूबाईंनी मला बजावलंय की त्या तुम्हाला पाणी विचारणार नाहीत. एकदा विचारून झालंय, म्हणतात. आता मास्तरांनी मागावं.

तुमची कुसुम

लातूर, १५ मे

ती. नाना,

दोन दिवस तुम्ही इथेच होतात, तरी लिहिते, कारण स्टँडवर तुम्हाला माझा चेहरा दिसला नाही.

तुम्ही गाडीतून उतरलात. खांद्याला पिशवी, आणि हातात पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन, गळ्याला सुतळी बांधलेला. मला वाटलं, रॉकेल असेल. मग उन्हात आतलं पाणी चमकलं. म्हटलं, झालं, हा माणूस स्वतःचं पाणी घेऊन आला. तांब्याला उत्तर म्हणून कॅन. विरूपाक्षाने तो घ्यायला हात पुढे केला तर तुम्ही म्हणालात, राहू द्या, हे माझ्याजवळच बरं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी रस्त्याकडे पाहिलं.

रिक्षात तुम्ही नव्या जिल्ह्याच्या पाट्यांबद्दल काय काय बोलत होतात. मी हं हं करत होते आणि मनात खोटं जुळवत होते. सासूबाईंना सांगायचं, नानांना डॉक्टरांनी उकळलेलंच पाणी सांगितलंय. तेवढ्यात घर आलं. त्या दारातच होत्या. आदल्या दिवशीच नळ आला होता, सकाळी त्यांनी माठ धुऊन भरला होता, भोवती ओलं फडकं गुंडाळलं होतं. मला दाखवलं नव्हतं, पण मी पाहिलं होतं. त्यांची नजर तुमच्या चेहऱ्यावर गेलीच नाही, थेट कॅनवर गेली. आणि त्यांचा चेहरा पुन्हा आठ वर्षांपूर्वीसारखा झाला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला ते लिहून ठेवायचंय. तुम्ही टोपी काढलीत, खाली बसलात आणि कॅन त्यांच्यापुढे सरकवलात. म्हणालात, "विहीणबाई, हे माझ्या घरच्या माठातलं, गोदावरीचं. तुमच्याकडे टंचाई आहे म्हणून तुमच्यासाठी आणलं. मला तुमच्यातलं द्या. तहान लागलीय."

त्या हलल्या नाहीत. तुम्हीही हलला नाहीत. मला वाटलं, आता मीच आत जाऊन पाणी आणावं, पण विरूपाक्षाने माझा हात धरून ठेवला. मग त्या उठल्या. येताना दोन पितळी पेले आणले, एक भरलेला, एक रिकामा. भरलेला तुमच्या हातात दिला. सुतळी दातांनी सोडवली, रिकाम्या पेल्यात तुमचं पाणी ओतलं, आणि ज्या बाईने जन्मात बाहेरचं पाणी घेतलं नाही ती तुमच्यासमोर ते प्यायली.

"गरम झालंय," त्या म्हणाल्या.

"चाकूरला गाडी तासभर बंद पडली होती," तुम्ही म्हणालात.

एवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, तुम्हाला वाटलं मी पोहे करतेय. पोहे विरूपाक्षाने केले होते, म्हणून त्यात शेंगदाणे करपले होते. नाना, मला किती हायसं वाटलं हे मला सांगता येत नाही. आठ वर्षं मी छातीवर काहीतरी घेऊन झोपत होते आणि त्या दुपारी ते उतरलं.

तुम्ही गेल्यावर सासूबाईंनी फिरकीचा तांब्या घासून माझ्याकडे दिला. यात तूप ठेव म्हणाल्या, मुंग्या लागत नाहीत. तुम्ही या वेळी बसवून दिलेली वचनाची दुसरी ओळ त्या रोज वाजवतात. शेजारी ऐकून ऐकून कंटाळलेत. तुमचा चौथा नियम आहे, म्हणून कुणी समोर येऊन बसत मात्र नाही. कॅन इथेच राहिलाय. मी पोस्टाने पाठवू का विचारलं, तर म्हणाल्या, मास्तरांनी येऊन न्यावा, आणि जाताना आमच्यातलं भरून न्यावं.

एक शेवटचं. माझ्या शिकवणीच्या नव्या कार्डाचा कच्चा मजकूर मी तुमच्या उशाशी ठेवला होता, नजर टाका म्हणून. तुम्ही त्याबद्दल काहीच बोलला नाहीत, मला वाटलं विसरलात. काल छापखान्यात द्यायला काढला तर त्यात तुमच्या लाल शाईच्या खुणा होत्या. टँकरच्या नियमापुढे तुम्ही 'उत्तम' लिहिलंय. तुमच्याकडून हा शब्द मला तिसरी-चौथीत असताना एकदा मिळाला होता. आणि पाचव्या नियमात मी लिहिलं होतं, 'तास संपल्यावर बाई पाणी दिल्यास घेतील.' तुम्ही 'दिल्यास' खोडून वर दुसरा शब्द लिहिलात. अक्षर थोडं हललंय, पण वाचता येतं.

काल कार्डं तशीच छापायला दिली: 'तास संपल्यावर बाई पाणी मागून घेतील.'

तुमची
कुसुम